डेटा विकणाऱ्या कंपन्या, सरकारी लगाम आणि गड्ड्यातलं कुपन

होटगी_रोड (धागाकर्ता)

जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरला की पाळण्यांच्या शेजारी लकी ड्रॉचे डबे येतात. कुपनावर नाव, मोबाइल, वय, धंदा, महिन्याची मिळकत, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ: 'आम्ही व आमचे सहयोगी आपणाशी संपर्क साधू शकतील.' कुकर एकालाच लागतो, सहयोगी मात्र सगळ्यांच्या मागे लागतात.

हे सहयोगी कोण आणि सरकार त्यांना कुठे धरू शकतं, एवढ्यापुरताच हा धागा. 'प्रायव्हसी मेली' वगैरे चर्चा दुसरीकडे करू.

आधी शब्द. माहिती कशासाठी नि कशी वापरायची हे जो ठरवतो, तो कायद्यात डेटा फिड्युशरी. त्याच्या सांगण्यावरून कुपनं एक्सेलमध्ये भरून देणारा डेटा प्रोसेसर. आपण डेटा प्रिन्सिपल. आणि जो अशा दहा एक्सेल विकत घेऊन, एकमेकींना जोडून, चाळून पुढे विकतो तो डेटा ब्रोकर, सरळ मराठीत दलाल. ह्या चौथ्या माणसासाठी आपल्या कायद्यात शब्दच नाही.

कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. राष्ट्रपतींची सही ११ ऑगस्ट २०२३ ची, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. तेही तीन टप्प्यांत. डेटा संरक्षण मंडळ स्थापन करण्याचा भाग लगेच, संमती व्यवस्थापकांची (आपल्या वतीने संमत्या सांभाळणाऱ्यांची) नोंदणी एका वर्षाने, आणि आपल्या कामाचं जे आहे ते, म्हणजे नोटीस, संमती, हक्क, दंड, हे सगळं अठरा महिन्यांनी. म्हणजे मे २०२७.

शब्द नसला तरी दलाल सुटतो असं नाही. कलम ४ म्हणतं की संमती किंवा कलम ७ मधली ठरावीक कारणं, ह्याशिवाय डिजिटल वैयक्तिक माहितीला हात लावायचा नाही. दलालाकडे आपली संमती नसते, त्यामुळे त्याचा धंदा मुळातच बेकायदा ठरतो. अडचण वेगळीच आहे. आपले हक्क संमतीच्या दोरीला बांधलेत. कलम ११ प्रमाणे 'माझी माहिती कोणाकोणाला दिली' हे फक्त त्यालाच विचारता येतं ज्याला आपण संमती दिली. दलालाला दिलीच नव्हती, मग त्याला विचारायचं कुठल्या कलमाने? आणि तो आहे कोण, हे कळणार कसं?

जकात_नाका

म्हणजे मे २०२७ पर्यंत हातावर हात ठेवून बसायचं काय ओ?

होटगी_रोड

नाही. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आणि २०११ चे नियम चालू आहेत. निष्काळजीपणाने संवेदनशील माहिती फुटली आणि नुकसान झालं, तर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, तिथे त्यांना न्यायनिर्णय अधिकारी म्हणतात, भरपाईचा दावा लावता येतो. पाच कोटींपर्यंतचे दावे तिथे चालतात.

दोन ठिकाणी ठेच लागते. २०११ च्या नियमांत 'संवेदनशील' म्हणजे पासवर्ड, बँक-कार्डाची माहिती, आरोग्य, बायोमेट्रिक असं मोजकंच. नुसता मोबाइल क्रमांक आणि मिळकत त्यात बसत नाही. कुपन तिथेच गळालं. दुसरं म्हणजे नवीन कायदा पूर्ण लागू झाला की ४३अ रद्द होणार. नव्या कायद्यात दंड मोठे आहेत, सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत, पण तो पैसा जातो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला छदाम नाही. ही अदलाबदल मला तरी पटलेली नाही.

त्याच २०११ च्या नियमांतली एक गोष्ट मात्र आजही वापरावी: कंपनीने तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव संकेतस्थळावर टाकायचं आणि तक्रार महिन्याच्या आत निकाली काढायची.

चाटी_गल्ली

दलालाला नाव द्यायचं काम अमेरिकेतल्या राज्यांनी केलं. तिथे केंद्राचा सरसकट कायदा नाही, म्हणून राज्यांनी आपापलं पाहिलं.

पहिलं व्हरमाँट. कायदा २०१८ चा, १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी. व्याख्या अगदी नेमकी आहे: ज्या ग्राहकाशी तुमचा थेट संबंध नाही त्याची माहिती जाणूनबुजून गोळा करून तिसऱ्याला विकत किंवा भाड्याने देत असाल तर तुम्ही दलाल. 'थेट संबंध नाही' हे शब्द महत्त्वाचे. त्यामुळे किराणा दुकान सुटतं आणि किराणा दुकानाची यादी विकत घेणारा सापडतो. वर्षाला १०० डॉलर भरून ३१ जानेवारीपर्यंत नाव नोंदवायचं. त्यात ग्राहकाला बाहेर पडायची सोय आहे का, असली तर कशी, हेही लिहून द्यायचं. टेक्सास आणि ओरेगॉननेही २०२३ मध्ये नोंदणीचे कायदे केले.

पण नुसत्या नोंदणीचा फायदा किती? यादी जाहीर, त्यात शेकडो नावं, आणि प्रत्येकाला वेगळा अर्ज. एवढं करणार कोण? म्हणून कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ मध्ये डिलीट ॲक्ट केला. सरकारी संकेतस्थळावर एकच अर्ज भरायचा, तो सगळ्या नोंदणीकृत दलालांना लागू. अर्ज घेणं जानेवारी २०२६ पासून, आणि १ ऑगस्ट २०२६ पासून दलालांनी दर ४५ दिवसांनी यादी उघडून त्यातल्या लोकांची माहिती पुसायची. चुकलं तर दर अर्जामागे दिवसाला २०० डॉलर. २०२८ पासून तीन वर्षांतून एकदा बाहेरचा लेखापरीक्षक.

आता ४५ दिवसांनी पुन्हा पुन्हा का? एकदा पुसलं की झालं ना? नाही झालं. दलाल दर महिन्याला नवा माल घेतो. तुमचं नाव आज पुसलं तरी पुढच्या खेपेत दुसऱ्या कुठल्या तरी यादीतून तेच परत येतं, आणि त्याच्या लेखी तो नवीन माणूस असतो. म्हणून पुसण्याच्या जोडीला 'हा क्रमांक पुन्हा घ्यायचा नाही' अशी वेगळी यादी ठेवावी लागते. आपल्या कलम १२ मध्ये पुसण्याचा हक्क आहे, पुन्हा न घेण्याबद्दल अक्षर नाही.

शेंगाचटणी

म्हणजे ढेकणाचं औषध. एकदा मारून भागत नाही, अंडी फुटली की परत मारायचं.

जकात_नाका

उपमा फर्मास, पण नोंदणीने सापडणार कोण? जो प्रामाणिक, तोच. सायबराबाद पोलिसांनी २०२३ मध्ये जी प्रकरणं पकडली, त्यातल्या एकात ६६.९ कोटी नोंदी असल्याचं पोलिसांनीच सांगितलं. असा माणूस काय १०० डॉलर भरून नाव नोंदवणार? आपल्याकडचा निम्मा माल पेनड्राइव्हवर आणि टेलिग्रामच्या चॅनेलवर फिरतो.

चाटी_गल्ली

नोंदणी चोरासाठी नसतेच, ती गिऱ्हाइकासाठी असते. चोराचा माल शेवटी कोण घेतं? विमा एजन्सी, फ्लॅटचा बिल्डर, क्लासवाला. हे दुकान मांडून बसलेले लोक आहेत. 'नोंदणी नसलेल्याकडून यादी घेतलीस तर तुलाही दंड' असा नियम केला तर बाजार आटतो. भंगारवाल्याला चोरीचा माल घेतल्याबद्दल धरतात, हेच तत्त्व. आपल्या कायद्यात विकत घेणाराही डेटा फिड्युशरीच ठरतो, कारण यादीचं काय करायचं हे तोच ठरवतो. आणि कलम ६(१०) प्रमाणे संमती होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्याची, आपली नाही. हे कलम लोक वाचतच नाहीत. खरी ताकद त्याच्यात आहे.

तिसरा_मजला

थोडं तांत्रिक. दलालांकडून एक उत्तर हमखास येतं: 'आम्ही क्रमांक विकत नाही, हॅश विकतो, म्हणजे माहिती निनावी.' ह्यावर विश्वास ठेवू नका.

हॅश म्हणजे क्रमांकावर ठरलेलं गणित करून काढलेली लांबलचक खूण. उलटं गणित करून क्रमांक काढता येत नाही हे खरं. पण भारतीय मोबाइल क्रमांक दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. सगळ्यांचे हॅश काढून तक्ता करून ठेवला की झालं. साध्या संगणकाला ह्याला दिवससुद्धा लागत नाही, चांगलं ग्राफिक कार्ड असेल तर चहा येईपर्यंत होतं. हॅश करण्याआधी क्रमांकाला गुप्त शब्द जोडला तरच काही अर्थ, पण मग दोन कंपन्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. आणि दलालाला तर जुळवायच्याच असतात! म्हणून तो गुप्त शब्द सहसा वापरत नाही, किंवा वापरला तर दोघांना सांगतो.

जोड हाच ह्या धंद्यातला माल, हे लक्षात घ्या. मतदार यादीत नाव, वडील किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय असतं, मोबाइल नसतो. कुपनावर मोबाइल आणि मिळकत असते, वडिलांचं नाव नसतं. गॅसच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या यादीत तिसरंच काही. एकेकटी यादी कवडीमोल. नाव, पेठ आणि वय ह्यांवर तिन्ही जोडल्या की 'जुळे सोलापूर, वय ३५ ते ४५, स्वतःचं घर, दोन मुलं' असा ताव विकायला तयार.

जोडताना चुका भरपूर होतात. एकाच नावाचे बापलेक, नाहीतर जुन्या मालकाचा बंद पडून दुसऱ्याला मिळालेला सिम क्रमांक. म्हणून आपल्याला कुणा भलत्याच्याच नावाने फोन येतात.

होटगी_रोड

तिसरा मजला यांनी मतदार यादी काढलीच आहे तर कायद्यातली पळवाट सांगतो. कलम ३(क)(२): जी माहिती माणसाने स्वतःच जाहीर केली, किंवा कायद्याने जाहीर करणं भाग होतं, तिला हा कायदा लागूच नाही. मतदार यादी ह्याच खाली येते. निवडणूक आयोग ती चित्ररूप पीडीएफमध्ये ठेवतो, जेणेकरून शब्द उचलता येऊ नयेत, पण चित्रातून अक्षरं वाचणारी सॉफ्टवेअरं आता फुकट मिळतात.

मात्र सूट फक्त त्या तुकड्याला आहे. मोबाइल चिकटवला की तो तुकडा सुटीतला नाही. तक्रारीत नेहमी जोडलेल्या भागावर बोट ठेवावं, मूळ यादीवर नाही.

दुसरी पळवाट परदेशी दलालांची. भारतातल्या लोकांना वस्तू-सेवा देण्याशी संबंध असेल तरच परदेशातल्या प्रक्रियेला कायदा लागतो. २०२२ च्या मसुद्यात 'प्रोफाइल बनवणं' हाही आधार होता, तो २०२३ मध्ये गाळला. म्हणजे बाहेर बसून कुणी आपली नुसती कुंडली मांडून तिसऱ्या परदेशी कंपनीला विकली तर हा कायदा तिथे पोचत नाही.

कडक_भाकरी

नवी पेठेतल्या दुकानदारांना आणि आपल्या गारमेंटवाल्यांना उपयोगी पडेल असं लिहितो, कारण बहुतेक गळती इथूनच होते आणि त्यात दलाल नंतर येतो.

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाचा मोबाइल 'आवश्यक' असा सेट केलेला असतो. तो क्रमांक भरल्याशिवाय बिल निघत नाही, मग काउंटरवरचा पोरगा दहा वेळा ९ दाबतो. कचरा तयार. पहिलं काम म्हणजे ती सेटिंग बंद करा. ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच बजावलंय की मोबाइल दिला नाही म्हणून विक्री नाकारणं ही अनुचित व्यापार प्रथा. ग्राहकाला १९१५ वर तक्रार करता येते.

नव्या कायद्याच्या कलम ७ मध्ये उदाहरणच दिलंय: औषध दुकानात ग्राहकाने आपण होऊन क्रमांक दिला आणि पावती मोबाइलवर मागितली, तर पावती पाठवण्यापुरता तो वापरता येतो. पावतीपुरता! दिवाळीच्या सेलचा मेसेज त्यात येत नाही, त्याला वेगळी संमती.

मग एक्सपोर्टचं बटण. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये काउंटरच्या लॉगिनलाही अख्खी ग्राहक यादी एक्सेलमध्ये काढता येते. नोकरी सोडून जाणारा ती घेऊन जातो आणि समोरच्या दुकानात बसतो. एक्सपोर्ट फक्त मालकाच्या लॉगिनला ठेवा, प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, 'admin' चा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका. नियमांप्रमाणे कोणी कधी काय उघडलं ह्याची नोंद किमान वर्षभर ठेवायची आहे. सगळ्यांचं लॉगिन एकच असेल तर त्या नोंदीला काडीचा अर्थ नाही.

सॉफ्टवेअरवाला क्लाउडवर माहिती ठेवतो तो तुमचा प्रोसेसर. त्याच्याशी वैध करार लागतो आणि त्याने माती खाल्ली तरी जबाबदार तुम्हीच. करारात 'एकत्रित माहिती आम्ही व्यवसायासाठी वापरू' असं वाक्य असतं, ते खोडायला लावा. खोडत नसेल तर निदान 'मोबाइल क्रमांक वगळून' एवढं घाला.

माहिती फुटली तर मंडळाला विनाविलंब कळवायचं आणि ७२ तासांत सविस्तर, शिवाय ज्यांची फुटली त्या प्रत्येकालाही. हे लपवलं तर दंड २०० कोटींपर्यंत. 'पर्यंत' आहे ओ, टॉवेलच्या दुकानाला २०० कोटी लावणार नाहीत, पण फाईल चालू झाली की मनस्ताप आहेच.

शेंगाचटणी

तुमच्या प्रतिसादातला 'admin' देवनागरीत लिवा की राव. धाग्याचा नियम आहे.

कडक_भाकरी

ॲडमिन. झालं समाधान?

कन्ना_चौक

दलाल कोण हे शोधायचं कसं, ह्यावर एक उलटा रस्ता. फोन-मेसेजपासून सुरुवात करा.

मेसेजच्या वर जे सहा अक्षरांचं नाव येतं त्याला हेडर म्हणतात. शेवटी आडवी रेघ आणि एक अक्षर: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. प्रत्येक हेडर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या नोंदवहीत कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या नावावर असतो. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, हेडर माहितीच्या संकेतस्थळावर ती सहा अक्षरं टाकली की संस्थेचं पूर्ण नाव निघतं. पुढचं पत्र कुणाला पाठवायचं ते ठरलं.

फोनचं वेगळं. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यायला हवेत, बँकांसारख्यांचे सेवेचे १६०० वरून. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कर्ज-प्लॉट विकणारा अनोंदणीकृत. त्याच्याविरुद्ध डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) केलेलं नसलं तरी तक्रार चालते. मुदत सात दिवस, आधी तीन होती, फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीत वाढली. १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर द्यायची. दहा दिवसांत पाच तक्रारी जमल्या की त्या क्रमांकावर कारवाई सुरू होते. पहिल्या वेळी जाणारे फोन पंधरा दिवस बंद, पुन्हा केलं तर वर्षभर सगळी जोडणी तोडतात. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं 'ह्याचा फोन आला का?' विचारण्यापेक्षा पाच जणांनी तक्रार टाकावी.

तक्रार का फेटाळली जाते? तारीख चुकलेली असते, किंवा हेडरची अक्षरं चुकतात, किंवा फोन कशाबद्दल होता हे एका ओळीत लिहिलेलं नसतं. 'स्पॅम आहे' हे वर्णन नव्हे. 'अमुक तारखेला प्लॉट विक्रीचा फोन, मी कधीही चौकशी केलेली नाही' असं लिहा. आणि कंपनी 'ग्राहकाची संमती आहे' म्हणाली तर ती संमती कुठे, कधी नोंदली ते मागा. नोंदीची रीतसर विनंती १२७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून मेसेजने येते. गड्ड्यातल्या कुपनावरची सही म्हणजे ती नव्हे.

ट्रायचा हा सगळा पसारा त्रास थांबवतो, यादी नाही. क्रमांक बंद झाला तरी यादी जिवंतच.

विडी_घरकुल

सगळे म्हणताहेत आपल्याकडे माहिती विकणाऱ्यांवर परवाना नाही. एका जातीवर आहे, आणि चांगला कडक आहे. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. लोकांची कर्जाची माहिती गोळा करून पैसे घेऊन बँकांना द्यायची हाच ह्यांचा धंदा. पण २००५ चा कायदा, रिझर्व्ह बँकेचं नोंदणी प्रमाणपत्र, कोणी घ्यायची ते ठरलेलं, आणि अहवालात 'चौकशी' ह्या सदरात कोणत्या संस्थेने कोणत्या तारखेला तुमची माहिती पाहिली ते छापलेलं. दलालांच्या बाबतीत जे मागतोय ते इथे चालू आहे. तेव्हा 'हे शक्यच नाही' असं कुणी म्हणू नये.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चार कंपन्या, म्हणून दर तीन महिन्यांनी एकेकीचा मागवा, वर्षभर पहारा राहतो. बचत गट किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर हाय मार्कचा चुकवू नका.

आपल्याकडे नेमकी काय चूक होते ती सांगते. तेलुगू आडनावं मराठी कारकून एक लिहितो, बँक दुसरं, आधारवर तिसरं. जन्मतारीख माहीत नसली की १ जानेवारी टाकतात. पत्ता 'विडी घरकुल, कुंभारी' एवढाच. आता एकाच नावाच्या, १ जानेवारीच्या, त्याच पत्त्याच्या दोन बायका असल्या की संगणक दोघींची एक फाईल करतो. एकीचं थकीत कर्ज दुसरीच्या माथी. अहवालात अनोळखी कर्ज दिसलं तर आधी खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे आणि कर्ज मंजुरीची तारीख बघा. मग त्या क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर वाद नोंदवा, 'हे खाते माझे नाही' हा पर्याय निवडून. 'रक्कम चुकीची' निवडलं तर खातं तुमचंच असल्याचं मान्य केल्यासारखं होतं आणि नुसती रक्कम तपासून परत पाठवतात. मुदत ३० दिवस. उलटली की दिवसाला १०० रुपये भरपाई, एप्रिल २०२४ पासून. बँकेने क्रेडिट कंपनीला २१ दिवसांत उत्तर दिलं नाही तर पैसे बँकेने द्यायचे, बँकेने दिलं आणि कंपनीने रेंगाळवलं तर कंपनीने. तरीही नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस ह्या तक्रार पोर्टलवर.

कर्जाच्या ॲपबद्दल एवढंच: २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने फोनमधले संपर्क, कॉलची नोंद आणि फाइल्स बघायला मनाई केलीय. संपर्क मागणारं ॲप आलं की तिथेच थांबा.

चादरवाली

विडी घरकुल, १ जानेवारीचा मुद्दा फार महत्त्वाचा. वाचनखूण साठवली.

एक भर घालते. नव्या कायद्यात नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी आपण निवडू त्या भाषेत मागता येते. तेलुगू, कन्नड, उर्दू तिन्ही त्यात आहेत. अशोक चौक किंवा पूर्व भागातल्या कारखान्याने हजेरी यंत्रासाठी अंगठा घेताना मराठी फॉर्म पुढे केला तर तेलुगू मागायचा हक्क आहे. ज्या नोटिशीतलं कळतच नाही तिच्यावरची संमती कशी टिकणार, हा मुद्दा तक्रारीत उपयोगी पडेल. नोकरीच्या कामापुरती माहिती वापरायला कलम ७ मध्ये वेगळी मोकळीक आहे हे खरं, पण तीच हजेरीची यादी विमा एजंटला दिली तर ती मोकळीक संपली.

जकात_नाका

बरं, मानलं. आता पत्राचा मसुदा टाका कुणीतरी. नुसतं कलम-कलम करून काय होणार बे.

होटगी_रोड

घ्या. नाव कळलेल्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने, आणि एक प्रत पोस्टाने पोच घेऊन:

'माझ्या अमुक मोबाइल क्रमांकावर अमुक तारखेला आपल्या नावे जाहिरातीचा संदेश आला. ह्या क्रमांकाशी जोडलेली कोणकोणती माहिती आपल्याकडे आहे, ती कोणाकडून व कोणत्या तारखेस मिळाली, आणि आपण ती पुढे कोणाला दिली, त्यांच्या नावांसह लेखी कळवावे. माझी संमती असल्याचे आपले म्हणणे असेल तर नोटीस व संमती ह्यांची प्रत द्यावी. संमती असल्यास ती ह्या पत्राने मागे घेत आहे. सर्व माहिती पुसावी, ज्यांना दिली त्यांनाही पुसण्यास कळवावे, आणि हा क्रमांक भविष्यात कोणत्याही यादीतून पुन्हा घेऊ नये.'

'कोणाकडून मिळाली' हे कलम ११ मध्ये नाही, युरोपच्या कायद्यात आहे. तरी विचाराच. बऱ्याचदा कंपनी आपलं अंग काढून घ्यायला विक्रेत्याचं नाव आपणहून सांगते, आणि तोच आपल्याला हवा असलेला दलाल.

आज हे पत्र २०११ च्या नियमांच्या महिन्याच्या मुदतीवर जाईल. मे २०२७ नंतर नव्या कायद्यावर, तिथे मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. आधी कंपनीकडे, मग मंडळाकडे, हा क्रम चुकवला तर मंडळ परत पाठवेल. मंडळाचं काम ऑनलाइन आहे, दिल्लीला जावं लागत नाही. त्याच्यावर अपील दूरसंचार अपील न्यायाधिकरणात, ६० दिवसांत. खोटी किंवा उगीच तक्रार केली तर आपल्यालाही १०,००० पर्यंत दंड, म्हणून स्क्रीनशॉट, तारीख, हेडर जपून ठेवा.

एक सापळा: उत्तरात 'ओळख पटवण्यासाठी आधारची दोन्ही बाजूंची प्रत पाठवा' असं आलं तर पाठवू नका. त्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे, तर ओळखही मोबाइलवरच्या ओटीपीने पटते. पुसायला सांगताना नवीन माहिती देऊन बसायचं हे उलटंच.

तिसरा_मजला

आणि पुढच्या वेळी कुणी विकलं हे ओळखायला खुणेची सोय करून ठेवा. यादी विकणारे स्वतः यादीत खोटी नावं पेरतात, कुणी चोरून वापरली तर कळावं म्हणून. तेच आपण करायचं. प्रत्येक फॉर्मवर मधलं अक्षर वेगळं: गड्ड्याच्या कुपनावर 'ग', मॉलच्या कार्डावर 'म'. ईमेल असेल तर नावापुढे अधिकचं चिन्ह आणि दुकानाचं नाव, जीमेलवर ते तसंच पोचतं. मात्र यादी साफ करणारे अधिकच्या चिन्हानंतरचं कापून टाकतात, म्हणून नावातलं अक्षर जास्त टिकतं. बँक, आधार, पॅन ह्यांच्या फॉर्मवर हा खेळ करायचा नाही.

चादरवाली

वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेचं काय? नाव, फोटो, पगार, मोबाइल, पत्रिका, सगळं एका जागी. छापील पुस्तिका पूर्वी पाचशे घरांत जायची, आता पीडीएफ कुठेही जाते.

होटगी_रोड

छापील कागद कायद्याबाहेर, त्याची पीडीएफ झाली की कायद्यात. घरगुती वापराची सूट व्यक्तीला आहे, मेळावा घेणाऱ्या मंडळाला नाही. त्यामुळे मंडळ फिड्युशरी. 'लोकांनी स्वतःच जाहीर केली' हा बचाव मंडळ घेईल, पण नोंदणी फी भरलेल्यांपुरती दिलेली माहिती सगळ्या जगाला जाहीर केली असं म्हणणं अवघड आहे.

मेळावा घेणाऱ्यांनी पुस्तिकेत मोबाइलच्या जागी फक्त नोंदणी क्रमांक छापावा. मोबाइल मेळाव्याच्या टेबलावर, दोन्हीकडची इच्छा असेल तरच द्यावा. पीडीएफ द्यायचीच तर प्रत्येक प्रतीवर घेणाऱ्याचं नाव फिकट अक्षरांत आडवं छापून द्यावं, फुकट साधनांनी होतं. फॉर्मवर लिहावं: 'ही माहिती अमुक मेळाव्यापुरती, अमुक तारखेनंतर पुसली जाईल.' आणि त्या तारखेला मंडळाच्या संगणकावरून, टायपिंग करून देणाऱ्याच्या पेनड्राइव्हवरून आणि छापखान्याच्या ईमेलमधून, तिन्ही ठिकाणांहून पुसावी. छापखान्याचा ईमेल सगळे विसरतात.